काशम्माचा हात आणि ईरप्पाची पोटरी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काशम्मा कलशेट्टीनं सव्वीस वर्षं टॉवेल तपासले. मागावरून उतरलेला माल तिच्या पुढ्यात यायचा. ती एकेक नग उलगडायची, उजेडाला धरायची, दोन बोटांत चोळायची आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायची. डावीकडचा पास, उजवीकडचा परत. एखादा विणकर म्हणायचा, "मावशी, पुन्हा एकदा बघा की." ती पुन्हा बघायची आणि पुन्हा उजवीकडेच टाकायची. कारखान्यात तिच्या हाताला मान होता, तिच्या तोंडाला सगळे भीत होते, आणि तिला दोन्हींचा सारखाच अभिमान होता.

तिची खरी ख्याती होती खळ पकडण्यात. सुताला खळ द्यावी लागतेच, नाहीतर ते मागावर पटापट तुटतं. पण कुणी सूत कमी घालून खळ जास्त दिली की टॉवेल हाताला भरदार लागतो आणि काट्यावर वजनही बरोबर येतं. गिऱ्हाईक खूश होऊन घरी नेतं, पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हातात उरते जाळी. असा माल काशम्मा नुसत्या बोटांनी ओळखायची. "ह्यो फुगलाय, भरला न्हाई," एवढंच म्हणायची. मग कुणीतरी हट्टानं तो नग धुवून बघायचं आणि गुपचूप घडी घालून परत ठेवायचं.

अशी ही बाई स्वतःच्या नवऱ्याच्या बाबतीत फसली. आणि फसलेलं वेळेत कळलं ते बरं झालं, असं ती आता येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगते.

तिचा नवरा ईरप्पा त्याच कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. काशम्मा जेवढी बोलणारी, तेवढा हा मुका. सहा वर्षांपूर्वी पाना धरलेला त्याचा उजवा हात आपोआप हलायला लागला. आधी तो खिशात घालून लपवला, मग काशम्मानं बघितला, मग डॉक्टरांनी नाव सांगितलं, पार्किन्सन. मेंदूत तयार होणारं काहीतरी कमी पडतं, हात कापतात, अंग आखडतं, पावलं आखूड पडतात. बरा होणारा आजार नव्हे, पण गोळ्यांनी काबूत ठेवता येतो. ईरप्पानं काम सोडलं. वर्षभरानं काशम्मानंही सोडलं आणि नीलम नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत ती नवऱ्याच्या मागे हात धुऊन लागली.

या आजारात माणूस वाळत जातो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. हे तिनं आव्हान म्हणूनच घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती ईरप्पाला रिक्षात घालून कारखान्यात न्यायची. सुताची पोती जिथं तोलतात त्या काट्यावर सिद्धू काटेवाला त्याला अलगद उभा करायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. एकसष्ट. आजाराच्या आधीही एकसष्टच होतं. काशम्मा फाटकातल्या रखवालदारापासून सुरुवात करायची ती गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत सांगत जायची, "एक किलो हलला न्हाई. आजार तिकडं आणि आमी हिकडं."

ईरप्पा रिक्षातून उतरताना खाली बघत असायचा. ते आजारामुळं, असं तिला वाटायचं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि बजावलं, "गोळी आणि डाळ-दूध एका वेळी देऊ नका. गोळी आधी द्या, जेवण तासाभरानं. एकत्र दिलं तर गोळी नीट लागत नाही." सांगितलं ते बरोबरच होतं. पण काशम्मा सावध बाई. वेळ सांभाळत बसायचं, एखादे दिवशी चुकायचं, त्यापेक्षा नकोच ना ते घरात. तिनं त्याच्या ताटातून डाळ काढली, दूध-दही काढलं, शेंगाची चटणीसुद्धा काढली. सोलापूरच्या माणसाच्या ताटातून शेंगाची चटणी काढणं म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसालाच विचारावं. त्याऐवजी भाकरी, भाजी, भात आणि त्याचं मन रमावं म्हणून तुपातला शिरा. ईरप्पाला थोडं पोट सुटलं. काशम्माला ते पोट बघून बरं वाटायचं.

आठ महिन्यांनी तो पडला. अंगणातच पडला, खरचटण्यावर भागलं. पण महिनाभरात मोरीत पुन्हा पडला आणि भुवईवर चार टाके पडले. या वेळी डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, "आता पडले आणि मांडीचं हाड मोडलं तर अंथरूण धरतील. मग उठवणं अवघड. पायांत मांस किती उरलंय, ताकद किती आहे, ते आधी बघून घेऊ." त्यांनी घरी येऊन तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा नंबर लिहून दिला.

घरी आल्यावर ईरप्पा खाटेवर बसला आणि बऱ्याच वेळानं बोलला. "बाकी काय व्हायचं ते होऊ दे. मोरीला आपल्या पायानं जायला यावं. तेवढं बघ."

सबंध संसारात त्यानं काशम्माकडे मागितलेलं हे बहुधा पहिलंच. ती उठली. चुलीकडे तोंड करून उभी राहिली आणि मनातल्या मनात म्हणाली, तेवढं बघीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शिवानी म्हेत्रे स्कूटरवरून आली. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, पाठीला पिशवी, बोलणं मऊ. पिशवीतून तिनं शिंप्याकडं असतो तसला टेप काढला तेव्हा काशम्माचं तोंड वाकडं झालं.

"टेपनं मोजणार व्हय? आमचा पोरगा गुरु कुर्डुवाडीला रेल्वेत हाय. त्यानं सांगितलंय, अंगातलं मांस मोजायचं मशीनच असतंय म्हणून."

"असतं की मावशी," शिवानी म्हणाली. "अंगातून बारीक करंट सोडतं आणि अंदाज सांगतं. पण त्यावर हलून चालत नाही आणि काकांचा हात हलतोय. शिवाय हे बघा." तिनं ईरप्पाच्या घोट्यापाशी बोट दाबलं आणि काढलं. खड्डा तसाच राहिला. "सूज आहे. पाणी धरलंय. काकांच्या बाबतीत तर मशीन ह्या पाण्यालाही मांस समजेल. एका आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही ह्या आजारात. चार-पाच गोष्टी बघायच्या आणि मग अंदाज करायचा."

"अंदाज कशाला? वजन एकसष्ट हाय. सहा वर्षं एकसष्टच."

"वजनात पोटही येतं आणि पाणीपण येतं, मावशी."

काशम्माला हे रुचलं नाही. कालच बारावी झाल्यासारख्या दिसणाऱ्या पोरीनं आपल्याला वजन शिकवावं म्हणजे फारच झालं. तिनं पदर खोचला आणि ईरप्पाची लुंगी गुडघ्यापर्यंत वर केली. "हात लावून बघ. सव्वीस वर्षं ह्या हातानं माल पास केलाय. रोज सकाळी तेल लावते मी. दगडासारखी पोटरी हाय. मांस न्हाई तर काय हाय ह्यात?"

शिवानीनं हात लावला. पोटरी खरंच टणक होती. तिनं मान हलवली, वाद घातला नाही, फक्त विचारलं, "तेल किती वाजता लावता?"

"सहाला. नंतर मला सवड कुटं मिळते?"

"आणि पहिली गोळी?"

"सातला."

"मग आपण थांबू," शिवानी म्हणाली. तिनं काकांना आडवं केलं, पायांखाली दोन उशा दिल्या, सातला गोळी द्यायला लावली आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. काशम्मानं तिला चहा दिला, पण कपबशी जरा आपटूनच ठेवली. पाऊण तास असाच गेला. गल्लीतल्या सायकली आणि मोटारसायकली एमआयडीसीकडे निघाल्या, भोंगा झाला. हळूहळू ईरप्पाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, बोटं सुटी झाली. रोजच्यासारखंच. गोळी लागली की असं व्हायचं, काशम्माला ते ठाऊक होतं. पण त्या वेळी ती नेहमी भाकऱ्यांत गुंतलेली असायची.

"आता या मावशी," शिवानी म्हणाली. "आता लावा हात."

काशम्मानं लावला. आधी तिला वाटलं, पाय चुकला. मग तिनं दुसऱ्या पायाला हात लावला. बोटांखालचा दगड गेला होता. कातडी सैल होती, तिच्याखाली थोडंसं मऊ काहीतरी होतं, आणि जरा दाबताच नडगीचं हाड बोटाला लागलं. तिनं दोन बोटांत चोळून बघितलं, जसं ती सव्वीस वर्षं बघत आली होती. मग ती तशीच उकिडवी बसून राहिली.

तिला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. सकाळी सहाला जे तिच्या हाताला भरदार लागायचं ते मांस नव्हतं, आजारानं आणलेला ताठरपणा होता. रात्रभर गोळी नसायची म्हणून पहाटे तो सगळ्यात जास्त असायचा, आणि ती नेमकी तेव्हाच हात लावायची. खळीचा टॉवेल. दुनियेचा पकडला आणि घरातला रोज पास करत आली.

शिवानीनं सूज जरा ओसरलेल्या पायावर टेप लावला. पोटरी एकतीस सेंटिमीटर भरली. पुरुषमाणसाची चौतीसच्या आसपास तरी हवी, असं तिनं सांगितलं. मग मांडी मोजली, दंड मोजला, हातात एक यंत्र देऊन मूठ आवळायला लावली. शेवटी खुर्ची मांडली. "काका, हात छातीवर घडी घालून ठेवायचे आणि उठायचं. पाच वेळा."

ईरप्पा एकदाही उठू शकला नाही. दोनदा पुढं झुकला, कपाळाला घाम आला आणि परत बसला. काशम्मा धावत गेली, पण शिवानीनं तिला हातानंच थांबवलं.

"माझा हात खोटा पडला," काशम्मा म्हणाली. असं वाक्य तिच्या तोंडून यापूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

"हात खोटा नाही मावशी, वेळ चुकली. हे एवढं कळणारा हात माझ्याकडेसुद्धा नाही. मला टेप लागतो." शिवानीनं वही उघडली. "आता मला सांगा, काका जेवतात काय काय?"

काशम्मानं सांगितलं. भाकरी, भाजी, भात, शिरा. शिवानी लिहिता लिहिता थांबली. "आणि डाळ?"

"डाळ बंद केली की. डॉक्टरांनीच सांगितलंय. गोळी लागत न्हाई म्हणून."

"दूध?"

"तेबी बंद. शेंगाबी. आठ-नऊ महिने झाले."

शिवानीनं पेन वहीत ठेवलं. रागावली असती तर काशम्माला सोपं गेलं असतं, तिला भांडता आलं असतं. पण ती पोरगी हळूच म्हणाली, "डॉक्टरांनी एकत्र नको म्हटलं होतं, मावशी. बंद करा नव्हतं म्हटलं. मांस डाळीनं, दुधानंच धरतं. ह्यांना तर आपल्यापेक्षा जास्तच लागतं."

काशम्माच्या डोळ्यांसमोर त्या सगळ्या महिन्यांतली ताटं आली. इतक्या प्रेमानं वाढलेली, एकही वेळ न चुकलेली. तेव्हा खुर्चीत बसलेला ईरप्पा बोलला. आजारानं त्याचा आवाज बारीक झाला होता, ऐकायला जवळ जावं लागायचं.

"मला कळत होतं," तो म्हणाला. "पाय रिकामं झाल्यालं. लुंगी नेसताना कळतंय की."

"मग बोलला का न्हाई?"

"तू समद्या गल्लीला सांगत होतीस. एकसष्ट म्हणून. लई खूश असायचीस." तो दमला, थांबला. "दिवसभर तू राबायचीस माझ्यासाठी. तेवढी एकच खुशी होती तुला. ती कशी घालवू?"

शिवानी उठून उगाचच बाहेर स्कूटरकडे गेली. तिचे हे उपकारसुद्धा काशम्मा अजून विसरलेली नाही. त्या पाच मिनिटांत काय झालं ते तिनं कुणालाच सांगितलेलं नाही, मलाही नाही.

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रक बदललं. पहिली गोळी सहाला, न्याहारी सातला, तेल आठला. दुपारी ताटात थोडंच वरण. मोठं जेवण संध्याकाळच्या गोळीनंतर तासाभरानं, त्यात घट्ट तुरीचं वरण, वाटीभर दही आणि परत एकदा शेंगाची चटणी. पहिल्या संध्याकाळी ईरप्पानं चटणीचं बोट जिभेला लावलं आणि डोळे मिटून घेतले. काशम्मा म्हणाली, "जेवा की गुमान," आणि स्वतःच पदरानं डोळे पुसत बसली.

शिवानी आठवड्यातून दोनदा यायची. खुर्चीतून उठण्याचा सराव सुरुवातीला खुर्चीखाली लाकडी पाट घालून, ती उंच करून व्हायचा. जसजसं जमायला लागलं तसतसे पाट काढले. भिंत धरून टाचा उचलायच्या, पायाला वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करायचा. काशम्मा समोर बसून मोजायची आणि एखादी टाच अर्धीच उचलली गेली तर मोजायचीच नाही. "हे उजवीकडं," म्हणायची. ईरप्पाला तिचं बोलणं बरोबर कळायचं. तो पुन्हा उचलायचा.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी सुजेसाठी एक गोळी बदलली आणि पायातलं पाणी उतरलं. त्या सोमवारी सिद्धूनं काट्यावरचा आकडा सांगितला आणि स्वतःच चाचरला. एकोणसाठ. गल्लीत दोन बायकांनी काशम्माचा हात धरून "होईल हो बरं" म्हटलं. काशम्मा घरी आली, शिवानीनं ठेवलेला टेप घेतला, तिनं पेनानं खूण करून ठेवलेल्या जागी पोटरीला लावला. एकतीसच्या पुढे दोन रेघा. दोन किलो गेले आणि पाय दोन रेघा भरला. ती परत बाहेर आली आणि त्या दोघींना म्हणाली, "बरंच चाललंय आमचं." पण पुढच्या महिन्यापासून तिनं काट्यावर जाणं बंद केलं. सिद्धूला वाईट वाटू नये म्हणून त्याला शेंगाची चटणी नेऊन दिली. इतकी वर्षं त्यानं माणसाला पोत्यासारखं नव्हे, माणसासारखं उभं केलं होतं, हे तिच्या लक्षात होतं.

आजार काही गेला नाही. हात कापतच होता, दाराच्या उंबऱ्यापाशी पावलं अजूनही अडायची. काही दिवस असे यायचे की गोळी लागायचीच नाही आणि सगळा सराव वाया गेल्यासारखा वाटायचा. अशा दिवशी काशम्मा चिडायची, आणि शिवानी म्हणायची, "मावशी, आजचा माल बघू नका, महिन्याचा बघा." ही भाषा पोरगी तिच्याकडूनच शिकली होती.

तीन महिने पुरे झाल्यावर शिवानी पुन्हा सगळं मोजायला आली. गोळी देऊन, पाऊण तास थांबून. पोटरी पाऊण सेंटिमीटरनं वाढली होती. मुठीचा आकडाही थोडा वर गेला होता. मग तिनं खुर्ची मांडली. खाली पाट नव्हता.

"काका, हात छातीवर. मी आकडे म्हणते. मावशी, तुम्ही लांब बसा. हात लावायचा नाही."

काशम्मा खाटेच्या कडेला बसली. ईरप्पा पुढं झुकला आणि उठला. शिवानी म्हणाली, "एक." तो बसला, उठला. दुसऱ्यांदा सोपं गेलं. तिसऱ्यांदा गुडघे थरथरले. चौथ्यांदा तो अर्ध्यात थांबला, श्वास घेतला आणि मग सरळ झाला. पाचव्या वेळी तो झुकला आणि तसाच राहिला. शरीर पुढे जाईना, मागेही येईना. काशम्माचे हात आपोआप पुढे आले. तिनं ते मागे घेतले आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून त्यांवर बसून राहिली. नवऱ्याला पडू द्यायचं नाही म्हणून इतके महिने धावलेल्या बाईला ते किती जड गेलं, ते तिचं तिलाच माहीत.

ईरप्पाची टाच जमिनीत रुतली. पोटरी लुंगीखाली ताणली गेलेली तिला दिसली. तो उठला.

शिवानीनं पाच म्हटलं आणि पाठ वळवून घाईघाईनं वहीत लिहायला लागली. ईरप्पा उभाच होता. त्यानं छातीवरची घडी सोडवली, काशम्माकडे तोंड केलं आणि नमस्काराला दोन्ही हात जोडले. "शरणु," तो म्हणाला.

काशम्मा घाबरीघुबरी झाली. "मला काय करताय? त्या पोरीला करा. तिनं उभं केलं तुमाला."

"तिला दर खेपेला करतो, ती जाताना," ईरप्पा म्हणाला. "तुला चाळीस वर्षांत केला न्हाई."

मग तो वळला आणि भिंतीला हात न लावता मोरीकडे निघाला. पावलं आखूड होती. त्यानं आत जाऊन दार लावून घेतलं. काशम्मानं मांड्यांखालचे हात बाहेर काढले. ते जोडून ती त्या बंद दाराकडे बघत राहिली.